फित्रीच्या आईचं वावर

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला माझा धाकटा भाऊ विनोद आला होता. काटोलकडच्या आमच्या गावाहून पहाटेच निघाला होता बिचारा. पण बॅग माझ्या हातात देईपर्यंत त्याचं एकच पालुपद चालू होतं.

"ताई, बाईमाणूस तू, तेही एकटी. भाषा येत नाही. काही झालं तं तिथं कोण आहे तुले?"

"फित्री आहे."

"अन् तिच्या गावात चोर आले तं?"

"तं पाहीन की! इंडोनेशियाचा चोर कुठं पाहिला आहे मी अजून?"

तो हसला नाही. मी मात्र हसतच आत गेले. पंचावन्न वर्षं इथं जा, तिथं जाऊ नको, हे ऐकण्यात गेली होती. नवरा जाऊन बराच काळ लोटला. धरमपेठेत ब्लाउज शिवायचं माझं छोटंसं दुकान आहे, तिकीट त्याच्याच कमाईतून काढलं होतं. मग घाबरायचं कोणाला?

फित्री ही सुमात्रा बेटावरची मुलगी. कॉलेजात शिकत असताना माझ्या घरी एका खोलीत भाड्यानं राहायची. दुकानात येणाऱ्या बायका तिला 'फितुरी' म्हणून चिडवायच्या, तीही हसायची. मायदेशी परतताना ती अस्सल नागपुरी मराठी सोबत घेऊन गेली. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि "काकू, तुम्ही नाही आल्या तं मी मांडवात बसणारच नाही," असा तिचा फोनवर हट्ट चालला होता.

क्वालालंपूरला विमान बदलून मी पादांगला उतरले. तिथून फित्रीच्या गाडीनं डोंगर चढायला लागलो. एका वळणावर धबधब्याचे तुषार काचेवर आले. पुढं रस्त्याच्या कडेला दालचिनीच्या साली वाळत पडल्या होत्या आणि गाडीभर त्यांचा वास भरला. मग पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं लागली, वर धुराची बारीक रेघ सोडणारा ज्वालामुखी, आणि खाली गाव. घरांची छपरं दोन्ही टोकांना म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली.

फित्रीचं घर म्हणजे 'रुमाह गादांग' (मोठं घर). जमिनीपासून उंच, खांबांवर उभं असलेलं, सगळं लाकडी. शिडी चढून वर गेले तर फित्रीची आई एर्ना आणि एर्नाच्या दोघी बहिणी ओळीनं उभ्या. एर्ना माझ्याच वयाची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"छान आहे हो तुझ्या वडिलांचं घर," मी फित्रीला म्हटलं.

ती खो खो हसत सुटली. "बाबा तं इथं पाहुणे आहेत, काकू!"

मग तिनं समजावलं. त्यांच्या मिनांगकाबाउ समाजात घर आणि शेत बायकांचं. आजीकडून आईकडं आलं, आईकडून फित्रीकडं जाणार. लग्नानंतर नवरदेवच बॅग घेऊन इथं राहायला येणार. आणि भाऊ? भाऊ म्हणजे मुलांचा 'मामाक' (मामा). बहिणींची इस्टेट राखायची, भाच्यांना वळण लावायचं, हे त्याचं काम. मान त्याचा मोठा, मालकी नाही. मी ऐकून घेतलं. पण डोक्यात काही शिरलं नाही. लोणच्याची फोड तोंडात घोळवावी तशी ती गोष्ट मनात घोळवत राहिले.

जेवायला सगळ्या जमिनीवर बसलो. रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं म्हशीचं मांस. मी मोठ्या जनावराचं खात नाही हे ठाऊक असल्यानं एर्नानं माझ्यासाठी कोंबडीचं वेगळं शिजवलं होतं. शेजारी वाटीत लालभडक 'लादो' (मिरचीचा ठेचा). फित्री म्हणाली, "काकू, जरा सांभाळून." मी म्हटलं, "आम्ही सावजी रस्सा ओरपणारी माणसं आहोत!" आणि चांगला चमचाभर घेतला. कान पेटले, नाकातून पाणी वाहायला लागलं. तिघी बहिणी हसून लोळल्या आणि काकडीच्या चकत्या माझ्यापुढं सरकवू लागल्या. माघार घ्यायची नाही म्हणून मी आणखी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फित्रीच्या कपड्यांना टाके घालत बसले होते. अचानक सुई हातातून सुटली, भांडी किणकिणली आणि अख्खं घर पाळण्यासारखं हललं. मी बोंबच मारली.

"काकू, चिल्लावू नका! घर फक्त झुलून राहिलं!"

भूकंप होता, लहानसा. खांब नुसते दगडांवर टेकवलेले, जोड लाकडी खुंट्यांचे, म्हणून घर हलतं पण मोडत नाही, असं फित्री म्हणाली. तेवढ्यात बाहेरून हाका ऐकू आल्या. शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, खाली ओढ्याकडून. प्रत्येक घर पुढच्या घराला विचारत होतं, सगळे आहात ना? एर्ना खिडकीत उभी राहून ओरडून आपल्या माणसांची नावं सांगू लागली. शेवटी म्हणाली, "सायला!" शैला म्हणजे मी. आमच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनाही माझं नाव माहीत नाही. इथं अख्ख्या गावानं मी जिवंत असल्याची खात्री करून घेतली.

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही बायका केळीची पानं आणायला शेताकडं निघालो. घरामागचं सर्वांत वरचं खाचर पिवळंधमक पिकलेलं होतं. बांधावर एर्नाचा मोठा भाऊ उभा होता, सगळ्या कुळाचा प्रमुख, डोक्यावर काळी टोपी. त्याच्याबरोबर शहरातले दोघे जण होते आणि त्यांनी उभ्या भातात मोजपट्टी ताणली होती.

एर्ना थबकली. तिनं काय विचारलं, त्यानं काय उत्तर दिलं, ते फित्री माझ्या कानाशी सांगत गेली. इथून डोंगर सुंदर दिसतो, म्हणून त्या लोकांना इथं पर्यटकांसाठी लॉज बांधायचा होता. मामानं शब्द दिला होता. "मी कुळाचा प्रमुख आहे. इथं माझा शब्द चालतो," तो म्हणाला.

एर्नानं लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली, चिखलात उतरली आणि मोजपट्टीवर पाय रोवून उभी राहिली. पाठोपाठ दोघी बहिणी. उद्याची नवरी फित्रीही उतरली आणि तिथूनच मला मराठीत सगळं सांगत राहिली.

"तू राखणदार आहेस," एर्ना भावाला म्हणाली. "राखणदार विकत नसतो."

शहरातला माणूस गोड हसला. "घाई नाही, ताई. तुम्ही घरात बसून ठरवा."

"ठरलंय. उभ्यानंच ठरलंय."

मी बांधावर एकटीच उरले होते. पाहुणी होते, माझा काय संबंध? पण पाय ऐकेनात. चपला काढल्या, साडी वर खोचली आणि त्या गार चिखलात उतरून एर्नाच्या शेजारी उभी राहिले. त्या माणसानं, ही कोण, असं विचारलं. एर्ना उत्तरली, "माझी बहीण. नागपूरची."

कोणीच हललं नाही. अखेर त्यानं मोजपट्टी गुंडाळली आणि दोघे गाडीकडं गेले. मामा बांधावर मटकन बसला. त्यानं सिगारेट पेटवली, पण ओढली नाही. मला वाटलं, झालं, भाऊ-बहिणीचं नातं संपलं. एर्ना त्याच्याजवळ गेली. "उद्या नवरदेवाला आणायला तुलाच पुढं चालायचं आहे. तुझा कोट इस्त्री करून ठेवलाय," एवढंच बोलली.

ओढ्यावर पाय धुताना तिनं फित्रीकरवी मला विचारलं, "तुझं शेत कुठं आहे?"

मी सांगितलं. काटोलकडं, वडिलांचं, संत्र्याची बाग. कायद्यानं अर्धा वाटा माझा. पण विनोदला सगळं त्याच्या नावावर हवंय, आणि परतल्यावर हक्कसोडीची सही करीन असं मी कबूल केलंय. आमच्याकडं सगळ्याच बहिणी करतात.

एर्नाचा प्रश्न फित्रीनं तिच्या मराठीत सांगितला, "आई म्हणते, काहून? कशासाठी?"

"वाटा मागितला तर भाऊ तुटतो," मी म्हटलं. "माहेर तुटतं."

एर्नानं हनुवटीनंच वर बांधाकडं खूण केली. तिचा भाऊ उठला होता आणि आम्ही आणायची विसरलेली केळीची पानं कापून आणत होता.

"तुटला का?"



लग्न थाटात झालं. फित्रीच्या डोक्यावर सोनेरी मुकुट इतका जड होता की मान वळवता येत नव्हती. पिवळ्या छत्रीखालून नवरदेव आला आणि सगळ्यांत पुढं मामा, इस्त्रीचा कोट घालून. सासरी यायचं म्हणून नवरदेव रडेल की काय, असं मला सारखं वाटत होतं. रडला नाही. पण शिडी चढताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, हे मी टिपलं.

परतीच्या विमानात झोप लागली नाही. माहेर म्हणजे काय, याचा विचार करत होते. दिवाळीची साडी आणि चार दिवसांचा पाहुणचार? ज्या मातीत मी लहानाची मोठी झाले, तिथं माझा पाय ठेवायला जागा कोणाच्या मर्जीनं? कोणी हिसकावून घेतलं असतं तर मी भांडले असते. इथं मी स्वतःच ताट पुढं करून बसले होते, आणि वर चांगली बहीण म्हणवून घेत होते.

नागपुरात उतरल्यावर दुकानाचं शटर उघडायच्या आधी एसटीनं गावी गेले. विनोद अंगणात मोटारसायकल पुसत होता. एर्नाच्या वावराची सगळी गोष्ट त्याला सांगितली.

"मी सही करणार नाही, विनोद."

"त्या लोकायचं येगळं असते, ताई. आपल्यात असं नसते."

"आता असते."

"लोक काय म्हणतीन? बहिणीनं भावाचं वावर खाल्लं म्हणतीन!"

"बाबाचं वावर आहे गा ते. अर्धं तुझं, अर्धं माझं. बाग तूच पाहाय, पण माझं नाव तिथं राहीन. अन् राखीले मी येईन. तू दार लावलं तं अंगणात बसीन."

तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला. दारात त्याची बायको सुमन चहा घेऊन उभी होती. आता हिचं ऐकायचं, म्हणून मी कंबर कसली. तिनं कप माझ्या हातात दिला आणि तो दूर गेला ना, हे रस्त्याकडं पाहून घेतलं.

"ताई," मग हळूच म्हणाली, "माह्या बी भावाचा फोन येऊन राहिला. सहीले बोलावते. तुमच्या भावाले मी सांगतलंच नाही."

"तुले काय वाटते, वं?"

तिनं पदराला हात पुसले, मोबाइल काढला आणि तिथंच, माझ्यासमोर उभी राहून नंबर लावला.

"हॅलो, दादा? सुमन बोलून राहिली. मी येतो, पण सहीले नाही. वावर पाहाले येतो."