नव्या रंगावरचं स्वस्तिक

फोन सुनेनं घेतला. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं, दवाखान्यातून आलाय... माझे यजमान गेले, त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, फार मायाळू माणूस. मी मान डोलावते. बोलायचाही शीण येतो हल्ली. मायाळू होतेच, पण त्यांच्या मायेत पहिला नंबर आईचा, दुसरा गाडीचा, मग उरलंसुरलं आमचं.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडला ह्यांची जुनी ॲम्बेसेडर टॅक्सी होती. लग्नाची भाडी मिळावीत म्हणून दसऱ्याच्या तोंडावर ह्यांनी नगरला नेऊन तिला पांढरा रंग मारून आणला. पोट त्या गाडीवरच होतं आमचं. पेंटरनं बजावलं होतं, महिनाभर साबण लावायचा नाही, कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची नाही, ओरखडे पडतात. नुसतं पाणी ओतायचं. पण पाणी होतं कुठं? विहिरीनं तळ गाठलेला, टँकरच्या रांगेत मी ताटकळलेली. मग हे आपल्या आंघोळीची बादली गाडीवर ओतायचे आणि स्वतः ओल्या पंचानं अंग पुसायचे. गाडी न्हालेली आणि मालक पारोसा. मी पुष्कळ बोलले, हे नुसते हसायचे.

दसऱ्याला सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. दरवर्षीसारखं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. ह्यांचा हात फडक्याकडे गेला आणि मागे आला. पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसत नाहीत, त्यात ते आईच्या हातचं. दिवसभर ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओतलं तेव्हा कुंकू वाहून गेलं, पण लालसर स्वस्तिक रंगात मुरलं होतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. कुंकू निघंना का रं, म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पेंटरनंच काढून दिलंय आई, पक्क्या रंगात. दिष्ट लागू नये म्हनून. तू नेमकं त्याच्यावरच कुंकू लावलंस," हे म्हणाले.

पुढं बॉनेटवरचा तो लाल डाग बघून गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, एका वरबापानं तर गाडी परत पाठवली. पेंटर म्हणाला, बॉनेट पुन्हा रंगवून देतो. मीही मागे लागले. पण ह्यांनी ऐकलं नाही. रंगवलं की आईला कळेल आपल्या हातून काय झालं ते, एवढंच म्हणाले. गाडी विकेपर्यंत ते तसंच राहिलं. मला राग यायचा... खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या एकाएकी म्हणाल्या, "पेंटरनं काढलं असतं तर चारी पाय सारखे आले असते. माझा उजवीकडचा कायम आखूड पडतो. मला त्याच दिशी कळलं हुतं."

मी दुसरा पाय चेपायला घेतला.

"त्याला बोलू नगंस. माज्यासाटी खोटं बोललाय त्यो. त्याला वाटू दे, आईला पटलं म्हनून."

मी बोलले नाही. त्याही गेल्या. हे मात्र शेवटपर्यंत, अगदी दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा, मला बजावत राहिले, आईचं ते कुणाला सांगू नको. मी हो म्हणत राहिले. दोघांचं सांभाळता सांभाळता मी फार थकले. आता ज्यांच्यापासून लपवायचं, ते दोघंही नाहीत. आणि तरी हे लिहिताना दोनदा उठून दार लावून आले.