तुसातली गावठी अंडी

सुजाता जाऊन आज वर्ष झालं, आणि माझं तिची माफी मागायचं राहूनच गेलं.

थांबा, आधी तुमची खुशाली.
फरीदा, आईचा गुडघा काय म्हणतो?
प्रशांत, बाळ उभं राहायला लागलं का?
मीनल, अ‍ॅसिडिटी गेली? चहा कमी कर गं.

तुम्ही तिघं तिच्या लॅबमधले. म्हणून तुम्हालाच टॅग केलंय.

बाकीच्यांसाठी सांगतो. सुजाता माझी पुतणी. भाऊ-वहिनी गेल्यावर अंबरनाथला आमच्याच घरी वाढली.

अंड्यातल्या पिल्लाचा मेंदू कसा घडतो, हा तिचा अभ्यास. दुकानातली अंडी चालायची नाहीत, त्यांत पिल्लू धरत नाही. दर सोमवारी मी सोनिवली गावातून गावठी आणायचो, डब्यात भाताच्या तुसावर ठेवून.

एकदा आमच्या हिने ती उकडूनच दिली. "पोरगी उपाशीपोटी राबते."
सुजाताचा फोन आला. "काकू, मीठ द्यायला विसरलीस!"

एकदा मला समजावत होती.
"काका, मेंदू घडताना पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. प्रत्येकीचा धागा पुढे जातो. जिला पलीकडून पोषण मिळतं ती टिकते. बाकीच्या आपोआप मरतात."
"मग जन्माला घालायच्या कशाला?"
"तुम्ही मुळ्याची विरळणी करता ना?"
"मी उपटलेला मुळा भाजीत घालतो."
"तिथेही शेजारच्या पेशी मेलेल्यांना गिळतात. वाया काही जात नाही!"

मी दहावी नापास माणूस. अख्ख्या सोसायटीला हे ज्ञान वाटत सुटलो.

मग तिचं आजारपण आलं.

हॉस्पिटलात एका संध्याकाळी तिचा हात धरून, काहीतरी धीराचं बोलावं म्हणून बोललो, "बाळा, तुझ्या पिल्लांचंच बघ. जास्तीचं जातं, म्हणून बाकीचं नीट घडतं."

तिने माझ्याकडे पाहिलं.
मग म्हणाली, "काका, ते पेशींचं. माणसांचं नाही."
आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिची शुद्धच गेली.

आईबापाविना दुसऱ्याच्या घरात वाढलेली पोर. आणि तिलाच मी 'जास्तीचं' म्हणालो.

आमच्या घरात ती कधीच जास्तीची नव्हती रे. आम्हाला तीच तर एक होती.

काकू अजून सोमवारी दोन अंडी उकडते. मीठ विसरत नाही.

त्या संध्याकाळी माझ्यानंतर तुम्ही तिघं आत गेला होता. माझ्याबद्दल काही बोलली का? रागावली होती का?

गोड करून सांगू नका. असेल तसं लिहा.

लवकर लिहा, पोरांनो.

सुजाता, बाळा, चुकलो मी. सुखात राहा.