न पुसता घेतलेलं पुस्तक

आधी रझियाभाभीचं नाव घेते. पुनावळ्यात तिचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत मी भाड्यानं राहते. त्या दिवशी ती पुढं झाली नसती तर मी गप्प राहिले असते, आणि मग जन्मभर गप्पच राहिले असते. आता काय झालं ते सांगते.

रावेतच्या एका मोठ्या सोसायटीचा हॉल. थंडगार. खुर्च्यांवर सोसायटीची माणसं, लेकरंबाळं. आमच्या रविवारच्या वर्गाचा कार्यक्रम. आम्ही स्टेजवर मागच्या रांगेत, सगळ्या एकाच रंगाच्या ओढण्या घेऊन. वर्ग घेणाऱ्या मॅडमनीच आणल्या होत्या. पुढं माइकवर मॅडमची मुलगी आमचं लिखाण वाचत होती. वाचता वाचता तिनं मागं वळून माझ्याकडं हात केला.

"आणि आमची ही कंपनीतली ताई म्हणते, पुस्तक म्हणजे ज्ञानाचा दिवा. त्यानं माझ्या अंधाऱ्या जीवनात प्रकाश आणला."

टाळ्या. एका आजोबांनी तर मान डोलावली.

मी असं कधीच म्हटलं नव्हतं.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत ठेकेदारीवर कामाला. दर रविवारी मॅडम चिंचवडला आम्हा बायकापोरींचा वर्ग घ्यायच्या, दहावीला बाहेरून बसायची तयारी. फुकट. फार उपकार वाटायचे. मॅडम दिसल्या की मी आपोआप उठून उभी राहायचे. भाभीपण यायची. पाचवी शिकलेली, पन्नाशीची.

पुस्तक भाभीच्याच दुकानातलं. पुड्या बांधायच्या रद्दीत आलेलं. पुढची पानं गेलेली, त्यामुळं पुस्तकाचं नाव नाही, लिहिणारीचं नाही. खाणीत दगड फोडणाऱ्या एका बाईची स्वतःची हकीगत. भाभीनं पुडीसाठी पान फाडायला घेतलं आणि वाचतच बसली. गिऱ्हाईक ओरडायला लागलं. मग तिनं ते वर्गात आणलं. एकीनं एक पान मोठ्यानं वाचायचं, पुस्तक शेजारणीच्या हातात द्यायचं. असं संपवलं.

मॅडम म्हणाल्या, हे पुस्तक म्हणजे तुमच्यासाठी काय, ते मिळून लिहा. आमच्यातल्या बऱ्याचजणी कंपनीत लाइनवरच्या, जिथं माल एकीकडून पुढचीकडं सरकत जातो. लिहायची रीतही तशीच पडली. एकीनं आपलं लिहायचं, कागद पुढं सरकवायचा. पुढचीनं ते मोठ्यानं वाचायचं, पटलं तर 'ओके' म्हणायचं, मगच आपलं लिहायचं. नाही कळलं तर कागद मागं. पण दुरुस्ती जिची तिनंच करायची. दुसरीच्या वाक्याला हात लावायचा नाही.

भाभी हसायची. "आगं, ह्ये पुस्तक हाय का गाडी?"

कागद माझ्याकडं आला तेव्हा हात थांबला. आम्ही बौद्ध. गावच्या शाळेत वर्ष संपलं की पुस्तकं परत घ्यायचे, खालच्या वर्गातल्या पोरांना द्यायला. गुरुजी माझी पुस्तकं टेबलावर घ्यायचे नाहीत, बघायचं झालंच तर आधी फडक्यानं पुसून घ्यायचे. "तिकडं खाली ठेव." खाली आमच्या वस्तीतल्या पोरांचा वेगळा गठ्ठा. तो गठ्ठा पुढच्या वर्षी आमच्याच वस्तीत फिरायचा. मी पुस्तकांना खाकी कव्हर घालायचे. एक कोपरा दुमडू द्यायचे नाही. तरी खाली. आठवीच्या शेवटी पुस्तकं त्या गठ्ठ्यावर ठेवली आणि परत गेलेच नाही. घरी सांगितलं, माझं डोकं चालत नाही.

म्हणून मी लिहिलं: "शाळेत माझी पुस्तकं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचे. हे पुस्तक माझ्या हातातून शेजारणीनं न पुसता घेतलं. माझ्यासाठी हे पुस्तक म्हणजे एवढंच."

शेजारीण म्हणजे भाभी. तिनं मोठ्यानं वाचलं. नाक ओढलं. "ओके. येकदम ओके."

मॅडम तो कागद घरी घेऊन गेल्या. "शुद्धलेखन बघते." आम्ही वर आभार मानले.

आणि आता हा दिवा.

मुलगी पुढचं वाक्य वाचायला लागली. कंपनीत माझ्या डोक्यावर एक दोरी लोंबते. खोट दिसली की ओढायची, लाइन थांबते. कुणीपण ओढू शकतं, पहिल्या दिवशीच सांगतात. पण ठेकेदारीवरच्या पोरीनं ओढली की सुपरवायझर आधी तिच्याकडं बघतो, मग खोटीकडं. मी कधी ओढली नव्हती. खोट बघायची आणि पुढं जाऊ द्यायची.

"थांबा." माइकच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हणाले. "थांबा. हे माझं नाही."

मॅडम खालून उठल्या. "काय गं, चक्कर येतेय का?"

पुढच्या खुर्च्या हसल्या.

"मी दिवा-बिवा म्हटलं नाही, मॅडम. मी गठ्ठ्याचं लिहिलं होतं."

मॅडम जवळ आल्या. तोंडावर हसू तसंच, आवाज खाली. "अगं, आनंदाचा कार्यक्रम आहे. त्यात जातीचं कशाला? इथं कुणी मानतं का तसलं? आणि आपण मिळूनच लिहिलंय ना?"

उपकार आठवले. दहावी आठवली. 'हो मॅडम' अगदी ओठावर आलं होतं.

तेवढ्यात भाभी पुढं झाली. "मिळून लिवलं, व्हय. पर खोडलं ते मिळून न्हाई. इचारलं का तिला?" मग माइककडं बोट केलं. "तिचं काढायचं तर माजंबी काढा."

हसणं बंद. मुलगी आपणहून माइकपासून बाजूला झाली. मी पुढं गेले आणि माझी वाक्यं म्हटली. पाठच होती. टाळी पडली नाही. मघाचे आजोबा मोबाइलमध्ये बघायला लागले.

खाली पार्किंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला पुढं आणायला जावं तर तुम्ही असं चारचौघांत तोंडघशी पाडता. पुढच्या रविवारपासून तुमचं तुम्ही बघा." ओढण्या परत मागितल्या. आम्ही तिथंच काढल्या, घड्या घातल्या. मॅडमनी पिशवीचं तोंड उघडून लांब धरलं. "यात टाका."

बसस्टॉपवर लाइनवरची मैत्रीण माझ्यावर उसळली. "तुझ्या एका वाक्यापायी आमची दहावी घालवलीस."

वर्ग आता रविवारी दुपारी भाभीच्या दुकानात भरतो, शटर अर्धं खाली ओढून. गणित कुणालाच येत नाही. ती मैत्रीण येत नाही. मी पास होईन का, माहीत नाही. एकदा बोललं की भीती जाते, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. भीती आहेच. पण माझ्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य आता घालू देणार नाही. उपकार करणाऱ्याचंही नाही.

भाभी म्हणते, "म्या काय दहावी करती आता? तू कर, बास." करायची, भाभी. मी आधी पास होईन, मग तुम्हाला परीक्षेला बसवीन. तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिलात, ते मी असं फेडणार.