पिवळी ओळ

धाकट्याला कुणी कामधंदा विचारला की प्रिंटर दुरुस्त करतो, एवढंच तो सांगायचा. ते खोटं नव्हतं. एका दुकानाच्या मागच्या खोलीत तो दिवसभर प्रिंटर उघडून बसे आणि अडकलेले कागद फाटू न देता बाहेर काढे. शाई नखांच्या कडांत कायमची मुरली होती. पन्नाशी जवळ आली तरी घरात त्याचं नाव धाकटाच राहिलं, कारण थोरला होता.

त्याचं दुसरं एक काम होतं, पण ते सांगायला समोरच्याला बसवून घ्यावं लागलं असतं. कुणी कुठूनतरी इंटरनेटवर एखादं पान मागतं आणि दुसऱ्या टोकाचा एक प्रोग्रॅम ते उचलून त्याच्या हातात देतो. तो प्रोग्रॅम म्हणजे वेबसर्व्हर. हे दोघे भाऊ ज्याच्या मागे लागले होते तो ओपन-सोर्स होता. मालक कुणी नाही, ज्याला येतं त्यानं लिहावं, ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा. लिहिणारी मुख्य मंडळी दूरदूर विखुरलेली, आणि सगळी वेगळ्याच सिस्टिमवर काम करणारी. विंडोज त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. त्यांनी लिहिलेलं विंडोजवर चालेल असं करून द्यायचं, आणि दर खेपेला त्यांनी काही बदललं की मोडलेलं पुन्हा उभं करायचं, हे काम थोरल्यानं तरुणपणी हौसेनं अंगावर घेतलं. हौस फिटली, काम अंगावरच राहिलं. त्या विंडोजच्या आवृत्तीला घरात सावत्र पोर म्हणत. पानावर सगळ्यांच्या शेवटी, आणि काही सांडलं की पहिलं नाव त्याचं.

थोरला लिहायचा, धाकटा बांधायचा. बांधायचा म्हणजे थोरल्याच्या ओळींचा चालता प्रोग्रॅम तयार करायचा, गठ्ठा करून लोकांना नेण्यासाठी ठेवायचा, आणि मग येणाऱ्या तक्रारी वाचायच्या. थोरल्याचं लिहिलेलं त्याला वाचता येई, तसं लिहिता मात्र येत नसे. सूर चुकला तर कान टवकारावेत पण स्वतःला गळा नसावा, तसं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. घरात एक गळा पुरे, असं तो म्हणे.

हे सगळं चाले थोरल्याच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत. खिडकीपाशी वहिनीचं शिवणाचं मशीन. ती लोकांचे कपडे सैल, घट्ट, आखूड करून देई. तिच्या पाठीला पाठ लावून थोरल्याचा कॉम्प्युटर. सगळा संसार दोघांनी असा पाठमोरा केला. ती मशीन थांबवून सुई ओवायला लागली की याच्या बोटांची टकटक ऐकू येई. हा विचारात पडला की तिचं मशीन. दोन्ही एकदम थांबलं तर दोघंही मान वळवून बघत. भांडण बहुतेक तेव्हाच होई.

सावत्र पोराला एक दुखणं जडलं होतं. महिनोन् महिने ते धडधाकट चाले आणि एखादे दिवशी, काही कारण नसता, गप्प होई. मेलेलं नसे, पण कुणी पान मागितलं तर देतही नसे. बंद करून चालू केलं की पुन्हा टुणटुणीत. ज्यांच्याकडे असं होई ते चिडून तक्रार लिहीत, आणि तपासायला जावं तोवर त्यांनी ते पुन्हा चालू केलेलं असे. डॉक्टर दारात येईपर्यंत ताप उतरलेला.

मुख्य मंडळींत एक बाई होती. तिची पत्रं शाळेतल्या बाईंनी वही तपासल्यासारखी असत, म्हणून दोघे तिला बाईच म्हणत. तिनं सभ्यपणे कळवलं की हे दुखणं बरं होत नसेल तर पुढच्या मोठ्या आवृत्तीतून विंडोजचा भाग काढून टाकावा लागेल. त्या एका भागासाठी सगळ्यांना थांबावं लागतं. थोरल्यानं उत्तर दिलं की चूक आपल्याच कोडच्या पोटात आहे, थोडा वेळ द्या, धरून दाखवतो. पत्र पाठवून तो धाकट्याला म्हणाला, "एवढी वर्षं सांभाळलं ते असं दाराबाहेर ठेवायला नाही."

मग त्यानं सापळा लावला. घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू ठेवला, दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडून त्याला अखंड पानं मागायला लावली, आणि अशी तजवीज केली की दुखणं उठलं तर त्याच क्षणी सर्व्हर जागच्या जागी गोठावा. ज्या ओळीवर गोठेल ती पडद्यावर पिवळी दिसते, आणि बाजूला त्या क्षणीचे सगळे आकडे जसेच्या तसे उभे राहतात. ऋतू पालटले, पण सापळा रिकामाच. वहिनी म्हणे, "उंदीर पकडायचा तर निदान पिंजऱ्यात काही खायला ठेवा."

एका दुपारी दुकानात धाकट्याचा फोन वाजला. थोरला होता. "सापडला," तो म्हणाला.

धाकट्यानं विचारलं, काय होतं? थोरला हसला. इतका सुटून हसलेला धाकट्यानं त्याला कैक दिवसांत ऐकला नव्हता. "फोनवर नाही. तू ये. डोळ्यांनी बघ."

एवढंच. थोरला खुर्चीतून उठला, पाणी प्यायला आत गेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात खाली बसला तो बसलाच. धाकटा पोचला तेव्हा दारात शेजारी उभे होते आणि आत पडद्यावर पिवळी ओळ तशीच होती.

पुढचे दिवस गेले तसे गेले. ते जरा सरल्यावर धाकटा त्या खुर्चीच्या बाजूला स्टूल ओढून बसू लागला. खुर्चीत बसायचा धीर झाला नाही. ओळ तो पुन्हा पुन्हा वाची. ती साधी होती, त्यानंच कितीदा बांधलेली. तिथं का अडलं हे त्या ओळीत नव्हतं, ते बाजूच्या आकड्यांत कुठंतरी होतं, आणि ते आकडे फक्त थोरल्याशी बोलत. शेजारी ब्राउझरची खिडकी. थोरल्यानं स्वतः मागितलेलं एक पान तिच्यात अजून यायचं होतं, आणि ते येत असल्याचं एक चाक गरगर फिरत होतं. त्या चाकाकडे धाकट्याला बघवत नसे.

वहिनीनं कॉम्प्युटर चालू-बंद करायच्या बटणावर चिंधी शिवून बसवली होती, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. ती म्हणाली, "एका खोलीत दोन मशिनी, आणि माणसाचा पत्ता नाही." ते चाक फिरतं तोवर हे आत पाणी प्यायलाच गेलेत असं तिला वाटत असावं. धाकट्यानं विचारलं नाही. त्यालाही तसंच वाटे.

शेवटी त्यानं बाईला सगळं लिहिलं. तिचं उत्तर या वेळी वही तपासल्यासारखं नव्हतं. तिनं लिहिलं, ही मोठी गोष्ट आहे, त्या गोठलेल्या क्षणाचा पुरा ठसा एका फाईलमध्ये उतरवून घ्या आणि आम्हांला पाठवा, आम्ही सगळे मिळून वाचू. पुढची आवृत्ती तेवढ्यासाठी थोडी अडवून धरते. आणि कुठं काय दाबायचं ते लहान मुलाला सांगावं तसं एकेक करून सांगितलं होतं.

तरीही त्यानं आठवडा घालवला. अडकलेला कागद ओढताना फाटतो कसा, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? वहिनीच म्हणाली, "भावजी, करून टाका. भिऊन का कुणाचं काम होतं?"

सुट्टीचा दिवस होता. वहिनी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती. धाकट्यानं हात धुतले, कोरडे केले आणि पहिल्यांदा त्या खुर्चीत बसला. बाईनं सांगितलं होतं तसं करत गेला. कॉम्प्युटरनं कळवलं की ठसा मोठा आहे, डिस्कवर जागा नाही.

जागा कशी असेल? थोरल्यानं आजवरची प्रत्येक बांधणी जपून ठेवली होती, मोडकी सुद्धा. धाकट्यानं फोल्डर उघडलं. त्या सगळ्या त्याच्याच हातच्या. सर्वांत जुन्या चार-दोन त्यानं बाहेरच्या डिस्कवर हलवल्या आणि इथून पुसल्या. मान वळवून एकदा पिवळ्या ओळीवर क्लिक केलं, जागची हलली नाही ना, ते बघायला. नव्हती हलली. मग किती जागा झाली ते पाहायला, आयुष्यभर फोल्डर ताजं करायला दाबत आला तसं, त्यानं एफ-फाइव्ह दाबलं.

विंडोजवर जन्म काढलेल्या माणसाचं ते बोट होतं. फोल्डर समोर असलं तर ते बटण फोल्डर ताजं करतं. पण त्याचं शेवटचं क्लिक पिवळ्या ओळीवर पडलं होतं, आणि तिथं त्याच बटणाचा अर्थ एकच: चल पुढे.

पिवळा रंग गेला. आकडे पुसले गेले. ब्राउझरमधलं चाक एकदा फिरलं, थांबलं, आणि थोरल्यानं मागितलेलं पान आलं. कोऱ्या पांढऱ्यावर त्याचे नेहमीचे चाचणीचे शब्द: चालू आहे.

सर्व्हर धडधाकट होता. खालच्या कोपऱ्यात पानं सरासर जात होती.

वहिनीच्या हातातलं उसवणं थांबलं. टकटक थांबली की मान वळवायची तिची जुनी सवय. "आलं का काही?"

धाकट्यानं पडद्याकडे बोट केलं. तिनं जवळ येऊन ते दोन शब्द वाचले आणि क्षणभर तिचा चेहरा उजळला. ते पाहून धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं सांगितलं. सगळं, एफ-फाइव्हपर्यंत.

"म्हणजे ह्यांनी धरून ठेवलेलं सुटलं," ती म्हणाली.

"हो."

"परत धरता येईल?"

"आपणहून आलं तर. येईल तेव्हा."

ती उभीच राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं विचारलं, "बटण कुठलं ते?" त्यानं दाखवलं. ती आपल्या जागी गेली आणि शिवण उसवू लागली. पण दोऱ्याचं टोक तिला बराच वेळ सापडलं नाही.

त्यानं बाईला खरं ते लिहिलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं की वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला. धाकट्याच्या डोक्यात ते आलंही नाही. बाईचं उत्तर एका ओळीचं होतं: माझ्याकडूनही झालं असतं. त्याखाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं, दुसरं पत्र. आता आणखी थांबता येत नाही. विंडोजचा भाग आम्ही काढतो.

धाकट्यानं विनंती केली की मी काढतो. परक्याच्या हातानं नको.

त्याला लिहिता येत नव्हतं, पण पुसायला काय लागतं? थोरल्याचं फोल्डर, त्यातल्या थोरल्यानं नाव दिलेल्या फाईली, आणि बाकीच्या कोडमध्ये जिथंजिथं 'विंडोज असेल तर' असं म्हणून थोरल्यानं आडवाट काढली होती त्या सगळ्या जागा. एकेक ओळ वाचून मगच तो ती पुसे. बदल पाठवताना कारणाची एक ओळ लिहावी लागते. बाकी मंडळी तिथं दोन शब्दांत उरकतात. त्यानं लिहिलं: सांभाळणारा राहिला नाही. मग त्याच्या लक्षात आलं की वाचणारे हे पाठवणाऱ्याबद्दलच समजतील. त्यानं तसंच राहू दिलं.

त्यानंतर काही दिवस तो तिकडे फिरकला नाही. दुकानात प्रिंटर येत होते, कागद अडकत होते. मग एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. काम काही सांगितलं नाही, येऊन जा म्हणाली.

खोलीत सगळं होतं तसं होतं. सर्व्हर चालू होता, सापळा लावलेला. जुनी शेवटची बांधणी, जी आता जगात कुणी नव्यानं नेणार नव्हतं. बटणावरची चिंधी धुऊन पुन्हा शिवली होती. कीबोर्डवर वरच्या रांगेत एक दात पडावा तसं एक भोक दिसत होतं.

"हे कुठं गेलं?" धाकट्यानं विचारलं.

वहिनीनं मान न वळवता बटणांचा डबा त्याच्याकडे सरकवला. शर्टाच्या, कोटाच्या, मुलांच्या झबल्यांच्या बटणांत ते चौकोनी काळं बटण पडलं होतं. शिवण उसवायच्या हत्यारानं उचकटलं असावं. एका कडेला ओरखडा होता.

"आता काय उपयोग त्याचा, वहिनी?"

"ह्यांचं चालू आहे ना अजून?"

"आहे."

"सापडेल कधीतरी?"

"सापडलं तरी आता कुणाला..." तो थांबला.

"तुम्हांला बघायचं होतं ना," ती म्हणाली. "बोलावलं होतं त्यांनी तुम्हांला."

तिनं मशीन सुरू केलं. धाकटा खुर्चीत बसला, हात मांडीवर ठेवून, बोटं मुठीत मिटून. पडद्यावर पानं जात होती. पिवळं काही नव्हतं. पाठीमागे शिवण लांबच लांब चालली होती, आणि मधेच ती थांबली तेव्हा त्याच्याकडून कसलाच आवाज आला नाही. तिनं मान वळवून बघितलं.