सुपरचार्जरमधल्या अक्षता

आमच्या पोर्चमध्ये दीड वर्ष एक दोन सीटची स्पोर्ट्स कार चार स्टँडवर चढून बसली होती. त्या दीड वर्षात नवऱ्याची स्कूटर बाहेर भिजली, सुकली, पुन्हा भिजली. तो कधी भांडला नाही. रोज सकाळी सीट पुसताना फडकं जरा जोरात आपटायचा, एवढंच.

गाडी माझी. म्हणजे मीच हट्टाने घेतलेली, जुनी, बुटकी, लाल. त्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा हेही माझंच खूळ. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. आत दोन पिळदार रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतात. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. वीस-बावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या फळ्यावर मी त्याची आकृती काढत आले. प्रत्यक्ष हात लावायला मिळाला तो पन्नाशीच्या तोंडावर, आणि तोही जुन्या बाजारातून आलेल्या, काळ्या तेलाने माखलेल्या नगाला. पार्सल उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरातली परात घेतली आणि त्यात तो रॉकेलने धुतला. परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही.

तो इंजिनवर पेलायला जाड पत्र्याचा ब्रॅकेट लागत होता. त्यासाठी शहराबाहेरच्या खरादवाल्या, म्हणजे लेथवाल्या, चाचांकडे सहा फेऱ्या झाल्या. पहिला ब्रॅकेट चार मिलिमीटरने चुकला, दुसरा दोनने. तिसऱ्या वेळी चाचा स्वतः घरी आले, इंजिनात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग बुंदेलीत म्हणाले, "बिन्नू, जा गाडी है के हवाई जहाज?" मी म्हटलं, चाचा, पट्टा सरळ बसला तर ही गाडीही आणि विमानही. चौथा ब्रॅकेट बरोबर बसला.

पितृपक्षात एके दिवशी चहा पिता पिता नवऱ्याने सांगितलं की ग्वाल्हेरचे एक गृहस्थ गाडी आहे त्या स्थितीत न्यायला तयार आहेत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन येतील. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत गाडी तयार होईल. तो कचेरीत आयुष्यभर फायली बघतो, त्याला व्याख्या लागते. तयार म्हणजे काय, असं त्याने विचारलं. मग आम्ही ठरवलं. दसऱ्याला सासूबाईंना शेजारी बसवून सीमोल्लंघनाला जायचं, हद्द ओलांडायची आणि गाडीने कुणाच्या धक्क्याशिवाय परत यायचं, सुपरचार्जर चालू ठेवून. जमलं तर गाडी राहील, पोर्चसकट. नाही जमलं तर ट्रक.

झाशीतल्या मराठी घरांना सीमोल्लंघन सोपं आहे. ओरछ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात उत्तर प्रदेश संपतो आणि मध्य प्रदेशाची पाटी येते. बाकीच्यांना कुठल्यातरी मैदानात जाऊन सीमा मानावी लागते, आम्हाला सरकारने आखून दिली आहे.

अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. नुसतं जागच्या जागी, पण त्या आवाजाच्या वर एक बारीक, गोड शिट्टी होती, ती सुपरचार्जरची. मी पाना हातात धरून पोर्चमध्ये दोन गिरक्या घेतल्या. शेजारच्या गच्चीवरून कुणी पाहिलं असेल तर पाहू दे. हवेच्या फिल्टरचा पाइप तेवढा बॉनेटला घासत होता. तो काढून बाजूला ठेवला, सुपरचार्जरच्या उघड्या तोंडावर फडकं कोंबलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सासरचे लोक मूळचे शिपाईगडी, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इकडे आले. त्यांची एक तलवार अजून ट्रंकेत असते आणि नवमीला बाहेर येते. पूजा फक्त तलवारीची नसते. घरात ज्याने काम होतं ते सगळं पाटावर मांडायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी उठेपर्यंत सासूबाईंनी माझे पाने, ड्रिल, टॉर्क रेंच आणि लॅपटॉप तलवारीशेजारी ओळीने लावले होते. लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं ते त्याच लॅपटॉपवरून ठरवायचं होतं. मी म्हटलं, आई, हा तेवढा राहू द्या. त्या म्हणाल्या, "याने काम होतं की नाही?" होतं म्हटलं. मग विषय संपला. माझा अख्खा दिवस गेला. गाडीला फुलं वाहून झाली होती, बॉनेट उघडं होतं. मी तिकडे फिरकलेच नाही, कारण फिरकले असते तर हात लागला असता.

दसऱ्याला आरती होताच मी पाने उचलले. इंजिन सुरू करण्याआधी पट्टा सैल करून पुली हाताने फिरवून बघायची, हा माझा नियम. पुली पाव चक्कर फिरली आणि अडकली. उलट फिरवली, पुन्हा अडकली. बेअरिंग गेलं असतं तर झाशीत काय, ग्वाल्हेरलाही मिळालं नसतं. मग लक्षात आलं की तोंडावर फडकं नाही.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असलं घाणेरडं चिरगूट पूजेच्या वस्तूवर कसं ठेवायचं, मी काढलं. आणि मग? मग काय, फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या.

किती अक्षता, हे विचारण्यात अर्थ नव्हता. चिमूटभर ही काही संख्या नव्हे. मी सुपरचार्जर उतरवला, अंगणात चादर पसरली आणि झाकण उघडलं. झेंडूची एक पाकळी निघाली. कुंकवाने लाल झालेले तांदूळ निघाले, काही अख्खे, काही रोटरांनी चिरडलेले. रोटरांमध्ये केसाएवढी फट असते. एक कण आत राहिला आणि इंजिन जोरात फिरलं तर रोटरांवर चरे पडणार. घड्याळात अकरा वाजले होते, निघायचं होतं चारला. सगळं निघालं हे ओळखायचं कसं?

ते सासूबाईंनीच सांगितलं. त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अक्षता मी स्वतः निवडते. त्यात तुटका दाणा असूच शकत नाही. अर्धा सापडला तर त्याचा दुसरा अर्धा आत आहे."

इतकी चोख तपासणीची पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आम्ही चादरीवर तुकड्याला तुकडा जोडू लागलो. सासूबाईंची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यांना माझ्यापेक्षा बारीक दिसतं. नवरा दारात येऊन उभा राहिला, काय चाललंय विचारलं. सासूबाईंनी त्याला सांगितलं, तांदूळ जुळवतोय, तू आत जा. शेवटी चार तुकडे उरले. त्यातले तीन टोकाचे, एक मधला. दोन टोकांचा एक दाणा जुळला, पण दुसऱ्या दाण्याला एका टोकाची तिळाएवढी कपची कमी पडत होती. मी टॉर्च धरला, त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि रोटरच्या पिळातून ती कपची अलगद ओढून आणली. पुली फिरवली. लोण्यासारखी फिरली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की त्यांना ठसका लागला.

सुपरचार्जर चढवला, फिल्टरचा पाइप जरा वाकवून बसवला आणि पावणेचारला गाडी जमिनीवर होती. अजून एक काम राहिलं होतं, आणि ते रस्त्यावरच होण्यासारखं. डॅशबोर्डवर मी एक छोटा मीटर बसवला होता. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जातायत ते तो दाखवतो. जोर लावताना आकडा बाराच्या खाली हवा. वर गेला तर पेट्रोल कमी पडतंय, आणि तसंच दामटलं तर पिस्टन वितळतो. चालवता चालवता मीटर वाचणं मला शक्य नव्हतं. रेशमी साडी, मांडीवर हळदीकुंकू लागलेला लॅपटॉप आणि समोर मीटर, अशा सासूबाई शेजारी बसल्या. त्यांना एवढंच सांगितलं की आकडा मोठ्याने वाचत राहा. नवरा साक्षीदार म्हणून मागून स्कूटरवर.

शहर संपेपर्यंत आम्ही एका ट्रॅक्टरच्या मागे होतो. ट्रॉलीत रावणाची दहा डोकी आडवी पडलेली, सगळी आमच्याकडे बघत. ट्रॅक्टर वळला, रस्ता मोकळा झाला, आणि मी पाय दाबला.

शिट्टी वाढत वाढत गेली आणि सीटने पाठीला ढकललं. सासूबाईंचा पदर उडून मागे गेला, पण वाचन सुटलं नाही. "अकरा. साडेअकरा. साडेबारा. तेरा, सूनबाई, तेरा." मी पाय काढला. बाजूला थांबून लॅपटॉपवर त्या टप्प्यात पेट्रोल थोडं वाढवलं. तेवढ्यात नवरा पुढे निघून गेला. पुन्हा दाबली, त्याला मागे टाकलं. या वेळी आकडा बाराला जाऊन अडकला. पुन्हा थांबले, पुन्हा वाढवलं, पुन्हा तो पुढे. तिसऱ्यांदा त्याच्या बाजूने निघालो तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अकरा आठ," सासूबाई म्हणाल्या. "अकरा आठ. अकरा सात. अकरा आठ." पंचांग वाचावं तशा एका सुरात. इंजिनात कुठेही ठोका नाही, नुसती ती शिट्टी आणि पळणारी झाडं. मला हसू आवरेना. पाटी कधी गेली ते मी पाहिलंच नाही.

"हद्द गेली मागे," त्या म्हणाल्या.

वळवू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, पुढे चल, अजून आकडा नीट आहे.

चहाच्या एका टपरीपाशी थांबलो. तिथल्या माणसाने इकडच्या रिवाजाप्रमाणे दसऱ्याचा विडा दिला. नवरा पोहोचला तेव्हा आमचा विडा रंगला होता. त्याने हेल्मेट काढलं, बॉनेटवर तळहात ठेवला, लगेच उचलला. मग म्हणाला, परत यायचं अजून बाकी आहे. मी म्हटलं, आहेच. तो जरा वेळ गाडीभोवती फिरला आणि म्हणाला की परत न्यायची ती मीच नेतो, म्हणजे खात्री होईल. सासूबाई उतरायला तयार नव्हत्या. आकडे वाचायला कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मी स्कूटर घेतली. पुढे ती शिट्टी लांब जात जात ऐकू येईनाशी झाली, कुठेही अडखळली नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा गाडी पोर्चमध्ये, इंजिन चालू, बॉनेट वर, आणि सासूबाई अजून आतच बसलेल्या. नवरा इंजिनवर वाकून फोनवर बोलत होता. "नहीं भाईसाहब, ट्रक मत भेजिए," तो सांगत होता. "गाडी अब नहीं दे पाएंगे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "गिअर बदलताना शिट्टी मध्येच थांबते, ते तसंच असतं ना?"

तसंच असतं, मी म्हटलं, आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा.