मोहाच्या रानात क्लॅरिनेट

चंद्रपूरहून बस सुटली तेव्हा मांडीवर क्लॅरिनेटची पेटी होती आणि डोक्यात भलताच तोरा. महिन्याभरानं पुण्यात मी एक नवा कॉन्चेर्टो (एकटं वाद्य पुढे, अख्खा वाद्यवृंद साथीला, अशी दीर्घ रचना) वाजवणार होते. त्याची सुरुवातच एका लांब, कर्कश सुरानं. वाद्यवृंद तेव्हा गप्प. शेजाऱ्यांना तो सूर सोसवेना, म्हणून रियाजासाठी मैत्रिणीच्या सुमनमावशींचं जंगलाकाठचं गाव गाठलं.

मावशींनी गरम भात आणि वांग्याची भाजी वाढली आणि बजावलं, "सकाळी आमी मोहाची फुलं वेचाले जातो. तू घरीच राय. वाघ फिरून राह्यला."

ऐकेन तर ना! पहाटे बायका टोपल्या घेऊन गेल्या आणि मी मागच्या वाटेनं तलावाच्या पाळीवर (बांधावर). रानात सूर कसा घुमतो ते पाहायचं होतं. छाती भरून पहिला सूर लावला.

पलीकडून किंकाळ्या उठल्या. बायका टोपल्या टाकून गावाकडे धावत सुटल्या, एकीचा गुडघा फुटला. राखणीला उभे असलेले रामाभाऊ पत्र्याचा भोंगा हातात धरून ओरडत होते, "मी नाई वाजवला! मी नाई!" वाघ दिसला की ते भोंगा फुंकतात, आणि माझा सूर हुबेहूब तसाच होता. सांडलेली फुलं गुरांनी खाल्ली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारोदार जाऊन माफी मागितली. मावशी रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"फुलं उद्या पडतीन. पण भोंगा वाजला का पळाचं, इचार नाई कराचा. इचार कराले येळच नाई राहत, बाई."

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडलीच नाही. ओसरीवर चहा पीत होते, तोच भोंगा वाजला. बायका धापा टाकत आल्या. त्यांत मावशी नव्हत्या. बऱ्याच वेळानं रामाभाऊ त्यांना दंडाला धरून घेऊन आले.

"झाडाखाली वेचतच होती! वाघ तिकडं पाळीवर बसला होता."

"का थांबलात, मावशी?" मी विचारलं.

"मले वाटलं, तूच होय."

दुपारच्या बसनं मी निघाले. कुणी जा म्हणालं नव्हतं, पण कुणाकडे बघायची सोय उरली नव्हती.

पुण्यात टाळ्या खूप पडल्या. त्या पहिल्या सुराचं तर फारच कौतुक झालं, आणि मला शरमेनं मान वर करवेना. मोहाच्या दिवसांत मी मावशींना फोन करते आणि विचारते, भोंगा वाजला की पळता ना?

"पळतो ना, बाई," त्या म्हणतात. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबतात. तो क्षण माझ्यामुळे आलाय.