सत्तरचे बावीस

अकोल्याच्या ताजनापेठेत अब्दुल गफ्फार यांचं टेलरिंग आणि माझं फळांचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. माणूस सोन्यासारखा, पण राईचा पर्वत करण्यात गफ्फारभाईंचा हात धरणारा अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. गळ्यातल्या टेपनं ते नुसतं माप घेत नाहीत, तब्येतही सांगतात. सासरी गेलेल्या पोरीची कंबर दोन इंच उतरली की "पोरगी सुखात नाही" म्हणून मोकळे. कापसानं दगा दिला त्या वर्षांत पातूरकडच्या जुन्या गिऱ्हाइकांची छातीची मापं खाली यायला लागली. नवा सदरा शिवणारे थोडे, जुनाच उसवून तंग करून नेणारे फार. गफ्फारभाई हळूच मला म्हणायचे, "शेषराव, माप उतरलं का समजा, घरात काहीतरी बिघडलं हाय."

त्याच सुमारास त्यांची लेक गुलनार जेद्दाहून माहेरी आली. तिसरा महिना चालू होता. पहिल्या खेपेला याच महिन्यात तिचं पोट पडलं होतं, म्हणून सगळेच धास्तावलेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, तपासून घेतलं होतं. आकडा सत्तर, चिंता नाही. इथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं. शनिवारी रिपोर्ट आला. आकडा बावीस.

डॉक्टर नागपूरला गेलेले, ते सोमवारी येणार. गफ्फारभाईंनी रिपोर्ट कुणाला दाखवला नाही. गुलनारला सांगितलं, "सगळं ठीक आहे." मग तिला जिना बंद, बादली उचलणं बंद. दुकानामागच्या घरात हादरे बसतात म्हणून दुकानातली दोन्ही मशीनंही बंद. मला हसू आवरेना.

"काहून हासून राहिले तुमी?" असं म्हणून त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे टाकले. सत्तर आणि बावीस पाहिले आणि माझं हसू पळालं. आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. माप उतरलं होतं, एवढंच दिसलं.

सोमवारी लॅब उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. तिथं रक्त तपासणाऱ्या वर्षालीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, "चाचा, तुमचा टेप द्या. शेषरावकाका, या इकडे." तिनं टेप माझ्या पोटाभोवती गुंडाळला. "किती?"

"चाळीस," गफ्फारभाई म्हणाले.

तिनं टेप उलटा करून पुन्हा गुंडाळला. सेंटीमीटरची ती बाजू गफ्फारभाईंनी उभ्या जन्मात वाचली नव्हती. आकडा निघाला एकशे दोन.

"एवढ्यात मी एवढं खाल्लं कवा?" मी विचारलं.

"पोट तेच हाय काका, माप बदललं. तिकडं नॅनोमोलमंदी मोजतात, आमी नॅनोग्राममंदी. या हार्मोनच्या आपल्या आकड्याले तीन पॉइंट अठरानं गुणायचं का तिकडचा आकडा येते. दुसऱ्या हार्मोनचा गुणाकार दुसरा. करा बावीसचा."

तिच्याच कॅल्क्युलेटरवर गफ्फारभाईंनी दोनदा गुणून पाहिलं. सत्तर, एका केसाचा फरक. दुपारी डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं. गफ्फारभाई दवाखान्यातल्या बाकावर बसून लहान पोरासारखे रडले, आणि मी त्यांना हसता हसता स्वतःचेच डोळे पुसले.

घरी येऊन त्यांनी गुलनारला सगळं कबूल केलं. ती उशीला टेकून शांतपणे ऐकत होती.

"मला माहीत होतं, अब्बू. कागद तुमच्या खिशातून डोकावत होता, तेव्हाच वाचला. तुमचा जीव जाईल म्हणून बोलले नाही."

"मंग दोन दिवस काय करत होतीस, बेटा?"

तिनं पोटावर हात ठेवला. "याच्याशी रोज बोलत होते, ते बंद केलं. म्हटलं, जाणारच असेल तर आणखी माया नको लागायला."

गफ्फारभाई म्हणाले, "मंग बोल आता," आणि मला दंडाला धरून खोलीबाहेर घेऊन आले.